जोडव्याचं बोट

मे महिना, लग्नसराई आणि नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घराची पुढची खोली ब्लाउजपिसांनी भरलेली. पंचवीस वर्षं मी शिलाई करते. त्या आठवड्यात २६ ब्लाउज द्यायचे होते, त्यातले ९ एकाच घरचे, अस्तराचे. कूलर चालू असूनही मशीनवर बसलं की पाठीवरून घामाची धार लागायची. दुपारी पाणी प्यायला उठले, माठापर्यंत जाऊन आले, तर पाच वर्षांचा नातू फरशीकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, तू लक्ष्मीचे पाय काढून राहिली का?"

पांढऱ्या फरशीवर मशीनपासून माठापर्यंत लाल ठसे उमटले होते. अख्खं पाऊल नव्हतं, नुसता उजवा चवडा.

खाली बसून पाय उलटा केला. दुसऱ्या बोटाखाली वर्षानुवर्षांचा घट्टा होता. त्याच्या मधोमध मोहरीएवढं भोक पडून पातळ रक्त झिरपत होतं. दाबून पाहिलं, तर काहीच नाही. दुखतच नव्हतं. मग मी काय केलं? हळद भरली, जुन्या सुती साडीची पट्टी बांधली आणि पुन्हा मशीनवर बसले. दुखत असतं तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

साखर मला १६ वर्षांपासून. मधली काही वर्षं रात्री तळपायांची अशी आग व्हायची की ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोप आणावी लागे. मग एक दिवस ती आग आपोआप थांबली. मला वाटलं, उतार पडला. गणेश टेकडीला जाऊन नारळ फोडून आले. आग थांबली तेव्हा पायाच्या नसा बऱ्या झाल्या नव्हत्या, पार बधिर झाल्या होत्या, हे मला फार उशिरा समजलं. त्यानंतर रस्त्यात पायातली चप्पल निसटली तरी मला पत्ता लागत नसे. हाताखालच्या पोरी मागून हाका मारायच्या, "काकू, चप्पल राहिली!" घरात सगळे त्याला विसराळूपणा म्हणायचे. मीही तसंच धरून चालले.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे ११ दिवस ड्रेसिंग केलं. गोळ्या दिल्या, वरून पट्टी बदलली. भोकाच्या आत काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच पायानं पायडल मारत राहिले, कारण ऑर्डरी पुऱ्या करायच्या होत्या. बाराव्या रात्री थंडी वाजून ताप भरला. सूनबाईनं पट्टी सोडली आणि तोंड फिरवलं. वास मलाही आला. पाऊल वरपर्यंत सुजून तकतकीत झालं होतं आणि दुसरं बोट जांभळट काळं पडलं होतं. घरच्या मशीनवर साखर ४३८.

त्या रात्री ज्या दवाखान्यात नेलं, तिथं अर्ध्या तासात निर्णय झाला. गुडघ्याखालून पाय काढायचा, उद्या सकाळी पहिलाच नंबर. सलाइन लागलं, फॉर्म समोर आला. आमचे हे म्हणाले, "जीव राहिला तर बाकी पाहू." त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही, त्या घडीला कोणीही तेच म्हटलं असतं. मी छताकडे बघत होते आणि डोळ्यांपुढे फक्त मशीनचं लोखंडी पायडल येत होतं.

सही थांबली ती मोठ्या मुलामुळे. तो औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. त्यानं दुकानाच्या मालकांना फोन लावला, त्यांनी एकच विचारलं, "पायाच्या रक्ताचं डॉपलर केलं का?" म्हणजे पायात रक्त किती पोचतं ते दाखवणारी तपासणी. केलं नव्हतं. मुलानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर मिळालं की आता त्याचा उपयोग नाही. तपासणीच केली नाही, तर उपयोग नाही हे ठरलं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात अडकलं. रात्री साडेबाराला त्यानं मला स्वतःच्या जबाबदारीवर तिथून काढलं आणि मधुमेही पायाचं काम करणाऱ्या एका सर्जनकडे नेलं.

ते डॉक्टर पायाशी स्टूल ओढून बसले. आधी डावा पाय पाहिला, जो चांगला होता. दोन्ही पायांवर नाडी चाचपली. प्लॅस्टिकचा एक तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवला आणि दर वेळी विचारलं, "आई, कळलं?" मी डोळे मिटून होते. दोनदाच हो म्हणाले. मग त्यांनी स्टीलची बोथट सळई त्या भोकातून हलकेच आत घातली. ती कशावर तरी अडली. "हाड लागलं," ते म्हणाले. इतक्या आत सळई गेली तरी मला नुसती हालचाल जाणवली.

एक्स-रे आला तेव्हा सगळेच गप्प झाले. दुसऱ्या बोटामागच्या हाडाचं टोक वाळवी लागल्यासारखं कुरतडलेलं होतं आणि त्याच्या शेजारी, मांसात, एक पांढरी शुभ्र रेघ. मी बघताक्षणी ओळखली. मशीनच्या १६ नंबरच्या सुईचं टोक, सुईच्या भोकापाशी तुटलेलं. ती माझ्या पायात कधी शिरली, मी आजही सांगू शकत नाही. सुया तुटतच असतात. वरचा तुकडा काढून फेकायचा, नवीन सुई बसवायची, खाली पडलेल्या टोकाकडे कोण बघतं? आणि मी मशीनवर कायम अनवाणी बसायचे, पायडलवर पकड बरी येते म्हणून.

डॉक्टरांनी मुलाला आणि मला एकत्रच सांगितलं, बाजूला नेऊन नाही. पाय जातो तो पुवामुळे, रक्त न पोचल्यामुळे आणि जखमेवर चालत राहिल्यामुळे. माझ्या बाबतीत तिन्ही होतं. पू आज रात्रीच काढायचा, त्यात एक दिवसही घालवायचा नाही. रक्ताचं उद्या-परवा बघायचं. पायाचं किती ठेवायचं आणि किती काढायचं, ते त्यानंतर. "विष अंगात पसरून जिवावर बेतलं तर मात्र पाय काढावा लागेल, तेव्हा मी थांबणार नाही," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या शेवटच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरनी पायातलं जोडवं काढायला घेतलं. आम्हा बायकांचं दुसरं बोट म्हणजे जोडव्याचं बोट. बोट इतकं सुजलं होतं की चांदी मांसात रुतली होती. शेवटी कटरनं कापून काढलं. तो कट्ट असा आवाज ऐकून यांनी पहिल्यांदा डोळ्यांना रुमाल लावला. कापलेलं जोडवं त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि पुढचे कितीतरी दिवस ते त्यांच्या खिशातच होतं. शर्ट बदलला की एका खिशातून दुसऱ्या खिशात.

कमरेतून भूल दिली. तळव्यात पू एकाच जागी राहत नाही, पायाच्या आत जे पडदे असतात त्यांच्या कप्प्यांमधून टाचेकडे सरकतो. म्हणून पाऊल वरून आणि खालून उघडून सगळा पू, सडलेलं मांस आणि ते सुईचं टोक बाहेर काढलं. जखम शिवली नाही. उघडीच ठेवून भिजवलेलं गॉज भरलं. पुवाचा नमुना लॅबला गेला आणि इन्सुलिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, साखर दोनशेच्या खाली आली. पाय अजून माझ्याजवळच होता.

आता रक्ताची गोष्ट. आधी दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं. माझं १.४ च्या वर आलं. यांना वाटलं, आकडा चढता आहे म्हणजे चांगलंच. पण होतं उलटं. साखरेनं रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना साचतो, ती पाइपासारखी कडक होते, बीपीच्या पट्ट्यानं दाबलीच जात नाही आणि आकडा खोटा चढतो. म्हणून पायाच्या अंगठ्याला छोटासा पट्टा गुंडाळून तिथलं बीपी घेतलं. ते भरलं २६. तिथं ३० च्या खाली असलं तर जखम सहसा भरत नाही, असं कळलं. म्हणजे कोणी माझं नुसतं बोट कापलं असतं, तर ती जखमही काळी पडली असती. मग चवडा, मग घोटा, असं तुकड्या-तुकड्यानं वर सरकत गेलं असतं. आमच्या नात्यातल्या एका काकांचं अगदी तसंच झालं होतं. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, "साखरेवाल्याची जखम भरतच नाही." भरत का नाही, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

अँजिओग्राफीला माझी किडनी आडवी आली. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा १.५ म्हणजे चढलेला होता आणि त्या तपासणीतलं औषध किडनीवर ताण देतं. म्हणून आधी रात्रभर सलाइन चढवलं, साखरेची एक गोळी बंद केली आणि औषध अगदी मोजून वापरलं. जांघेतून बारीक नळी घातली. मी जागी होते, पडदा मला दिसत होता. मांडीतून एक जाड काळी रेघ गुडघ्यापर्यंत नीट आली आणि खाली तिचे तीन फाटे दिसायला हवे होते. पुढचा फाटा नव्हताच. मधला कसाबसा, उसवलेल्या दोऱ्यासारखा. मागचा, जो घोट्याच्या आतल्या बाजूनं तळव्यात जातो, तो पोटरीच्या मध्यावर तुटून खाली पुन्हा थोडासा दिसत होता. रक्तवाहिन्यांचे सर्जन म्हणाले, "आई, हा मागचा उघडला तर तुमच्या जखमेला थेट पाणी मिळेल." बारीक तार त्या बंद जागेतून पार व्हायला सव्वा तास गेला. मी तोवर मनात रामरक्षा म्हणत होते, तीही दोनदा चुकली. तार गेली, मग तिच्यावरून लांब फुगा सरकवून फुगवला. पडद्यावर ती रेघ पोटरीतून घोट्यात, घोट्यातून तळव्यात उतरली.

तार गेली नसती तर दुसरा रस्ता ठरलेला होता. मांडीतली स्वतःचीच रक्ताची शीर काढून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जोडायची, म्हणजे पायाचं बायपास. बायपास फक्त हृदयाचं असतं असंच मी आजवर समजत होते. काहींच्या बाबतीत, शीर चांगली असेल तर, तेच जास्त टिकतं, असंही त्यांनी सांगितलं. माझं वय, किडनी आणि तापातून नुकतंच उठलेलं शरीर बघून त्यांनी आधी फुगा निवडला होता.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं बीपी ५४. आणि ड्रेसिंग बदलताना जखमेतून ताजं लाल रक्त आलं. सूनबाई घाबरली. ड्रेसिंग करणारे दादा म्हणाले, "ताई, याच रक्ताची वाट पाहत होतो."

नंतरच्या आठवड्यात बोट गेलं. दुसरं बोट आणि त्याच्यामागचं तळव्यातलं लांब हाड, सडलेल्या टोकासकट. त्याला रे अँप्युटेशन म्हणतात. हाड जिथं कापलं तिथल्या उरलेल्या टोकाचा कणही तपासायला पाठवला. त्यात जंतू निघाले नाहीत, म्हणून अँटिबायोटिक लांबवावं लागलं नाही. बोट जाणार हे मला आधी सांगितलं होतं, मी होकारही दिला होता. तरी पट्टी सुटल्यावर अंगठा आणि तिसरं बोट यांच्यामधली ती खाच बघून मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. नणंद भेटायला आली, म्हणाली, "सवाष्णीचं तेच बोट गेलं वं." हे तिथंच होते. ते म्हणाले, "बोट गेलं, बाई आहे." त्यानंतर तो विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

वॉर्डात आम्ही आठ जणी होतो, त्यातल्या पाच जणी पायाच्या. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक निघाले, हे मुलानं वाचून दाखवलं तेव्हा मला त्या वॉर्डाचं नवल वाटेनासं झालं. माझ्या शेजारच्या मावशी उमरेडकडच्या. त्या आल्या तेव्हा अख्खं पाऊल काळं, घोट्याच्या वर फोड आणि बीपी घसरलेलं. त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावाच लागला आणि त्या त्यामुळेच वाचल्या. पुढे कृत्रिम पायावर चालायला शिकल्या, दिवाळीला त्यांचा फोन आला होता. म्हणून पाय काढायला सांगणारा प्रत्येक डॉक्टर वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. माझी तक्रार इतकीच आहे की माझ्या पायात रक्त किती आहे हे न बघता तो फॉर्म पुढे आला होता.

खाचेतल्या आणि पावलावरच्या जखमेत काळा स्पंज बसवून वरून पारदर्शक कागद चिकटवला आणि नळी एका छोट्या पंपाला जोडली. व्हॅक मशीन. ते चोवीस तास ओढत राहतं, दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात. तीन आठवड्यांत तळाशी दाणेदार लाल मांस भरून आलं. मग प्लॅस्टिक सर्जननी उजव्या मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढला, यंत्रातून फिरवून त्याला बारीक छेद पाडले, त्याची जाळी झाली आणि ती पावलावर पसरली. छेद असले की खालचं पाणी साठत नाही, शिवाय तेवढीच कातडी जास्त जागा झाकते. हे मला कोणी समजावायची गरज नव्हती, पण त्यांनी समजावलं. तळव्याच्या बाजूला मात्र कातडी लावली नाही. अंगाचा भार पेलायचं काम मांडीच्या कातडीचं नव्हे, तिथली जखम आतून आपोआप भरू द्यायची, असं ते म्हणाले.

कातडी लावल्यावर, म्हणजे ग्राफ्टच्या, दुसऱ्या रात्री मी रडले. पायासाठी नाही, मांडीसाठी. जिथून पापुद्रा काढला होता ती जागा पेटल्यासारखी झाली होती. पाय फाडला, हाड कापलं, सुई काढली, तेव्हा भूल उतरल्यावरही मला फारसं काही झालं नव्हतं. आणि हे नुसतं खरचटल्यासारखं, तर सहन होईना. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा मी तिला म्हटलं, थोडा वेळ थांब. मांडी जिवंत आहे आणि पाय नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा अंगातून कळलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. केशरी रेशनकार्ड होतं, आरोग्यमित्रानं कागद लावून दिले, काही भाग योजनेत बसला. उरलेल्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं आणि एक पाटली मोडली.

घरी आल्यावरचं काम ऑपरेशनपेक्षा कठीण निघालं. तळव्याची जखम भरेपर्यंत त्यावर भार नको. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घातलं, दर आठवड्याला नवीन. त्यात भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर विभागला जातो, एका जागी येत नाही. काढता येणारा बूटही मिळतो, पण तो मी काढलाच असता, रात्री पाणी प्यायला उठताना तर नक्कीच. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की हे प्लास्टर कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करता करता पुढे आलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्याचा पाय आपोआप सडत नाही, कळत नाही म्हणून तो जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजतो. मी ऐकतच राहिले. माझं माहेर वरोऱ्याचं. आनंदवन आम्हाला लांब नव्हतं. बधिर पायाची माणसं मी लहानपणापासून पाहिली, त्यांच्या पायातल्या मऊ काळ्या रबराच्या चपला पाहिल्या. तीच गोष्ट माझ्या पायाला झाली तेव्हा मात्र मला ओळखता आली नाही.

जुलैच्या शेवटी जखम मिटली. सगळ्यांना वाटलं, संपलं. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. एकदा भरलेली अशी जखम शंभरातल्या साधारण ४० जणांना वर्षाच्या आत परत होते, हे त्यांनी मला सुट्टी देतानाच सांगून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत माझ्या तिसऱ्या बोटाखाली नवा घट्टा दिसला, मधोमध लालसर ठिपका. दुसऱ्या हाडाचा भार आता शेजारच्या हाडावर आला होता.

त्यांनी गुडघा सरळ ठेवायला लावून पाऊल वर ढकललं. ते काटकोनापर्यंतसुद्धा येईना. साखरेनं टाचेच्या वरची जाड शीर, अकिलीस टेंडन, आखडते. ही रक्ताची शीर नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी. मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर पडतो. अस्तर आखूड आणि वरचं कापड लांब राहिलं की ब्लाउज खालून मुरडतो. तो मुरडलेला भाग कितीही इस्त्री केला तरी बसत नाही, अस्तरच सोडावं लागतं. माझा घट्टा मी पंधरा वर्षं ब्लेडनं तासत होते.

अस्तर सोडायचं ऑपरेशन १५ मिनिटांत झालं. टाचेवर तीन बारीक छेद, एकमेकांपासून दोन-अडीच बोटांवर, आणि प्रत्येक ठिकाणी शीर अर्धीच कापायची, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग पाऊल हळूच वर उचललं की तंतू एकमेकांवरून सरकून शीर लांबते, तुटत नाही. फार सैल झाली तर मात्र टाचेलाच जखम होते, म्हणून पाऊल काटकोनाच्या वर दहा अंशांपर्यंतच आणून थांबायचं. मुलानं याबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी २००३ साली अमेरिकेत छापून आलेला ६४ रुग्णांचा अभ्यास सांगितला. नुसतं प्लास्टर केलेल्यांत दोन वर्षांत ८१ टक्क्यांची जखम परत आली, शीर लांबवलेल्यांत ३८ टक्क्यांची. ३८ हा आकडाही काही लहान नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्याच वेळी, आत वळत चाललेलं तिसरं बोट सरळ व्हावं म्हणून त्याच्या खालची शीर इंजेक्शनच्या १८ नंबरच्या सुईनं आतल्या आत सोडवली. टाका एकही नाही. सुईनंच केलं, असं कळल्यावर मी ती सुई मागून घेऊन बघितली.

पुन्हा प्लास्टर, सहा आठवडे. तान्ह्या पोळ्याला मी पुढच्या दारात खुर्चीवर पाय उंच ठेवून बसले होते. नातवाचा लाकडी बैल मी सजवून दिला. झूल माझ्याच हातची, उरलेल्या जरीच्या काठाची. दरवर्षी मी त्याच्यासोबत दारोदार फिरायची. यंदा तो आजोबांचं बोट धरून गेला, बोजारा गोळा करून आला आणि सगळे पैसे माझ्या प्लास्टरवर मांडून मोजले. टीव्हीवर मारबतीची, म्हणजे रोगराई आणि पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक चालू होती. पोरगं खोलीभर ओरडत फिरलं, "आजीचा घट्टा घेऊन जा गे मारबत!"

नवरात्रात प्रश्न उभा राहिला. मी कोराडीला दरवर्षी अनवाणी पायी जायचे. या वर्षी ऑटोनं गेले, पायात मोजे, मापाचे बूट, आत मऊ रबराचं तळवं. बूट बाहेर काढून मोज्यांवर आत गेले आणि दर्शन घेऊन लगेच परत. देवीसमोर हात जोडले तेव्हा मनात खंत होती, ती मी लपवत नाही. घरातही तसंच. आमच्याकडे चप्पल उंबऱ्याच्या आत येत नसे. आता एक जोड फक्त घरासाठी, बाहेर कधीच न नेलेला, रोज धुतलेला. देवघरापाशी मी तो काढत होते, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "घाल तू. देवाला तुझा पाय माहीत आहे." सासूबाई ८१ वर्षांच्या, सोवळ्याच्या कडक. त्यांच्या तोंडून ते आलं म्हणून मला ते पेललं.

मशीनला मोटर बसवली आहे. पायडल आता डाव्या पायाखाली, तेही चप्पल घालून, कारण डावा पायही तितकाच बधिर आहे. रोज रात्री सूनबाई दोन्ही तळवे उजेडात बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. दर महिन्याला डॉक्टर घट्टा तासून देतात, दर तीन महिन्यांनी अंगठ्याचं बीपी. मागच्या वेळी ५१ होतं.

काल संध्याकाळी हाताखालच्या धाकट्या पोरीच्या मशीनवर सुई तुटली. वरचा तुकडा मशीनमध्येच होता, टोक सापडेना. ती नवीन सुई लावायला निघाली होती, मी थांबवलं. दोन्ही मशीन बंद केल्या, सगळ्यांना चपला घालायला लावल्या, नातवाला कॉटवर बसवलं. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फरशीवरून फिरवला, पायपुसणं झटकलं, चिंध्यांची पिशवी उलटी केली. गिऱ्हाईक दारात ब्लाउजसाठी उभं होतं, त्याला थांबायला सांगितलं. टोक त्याच ब्लाउजच्या बाहीच्या दुमडीत निघालं. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहिले, लांबी बरोबर भरली, डबीत टाकले. मग ती नवीन सुई बसवायला बसली.